पॅनिक डिसऑर्डरसाठी स्मार्ट बँड घ्यावा का? सोलापुरातून अकरा महिन्यांचा रिव्ह्यू

गेल्या मे महिन्यात नवी पेठेतल्या एका मोबाईलच्या दुकानातून २,७९९ रुपयाला स्मार्ट बँड घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं जे रडगाणं गाणारय ते या किमतीतल्या कुठल्याही बँडला लागू पडेल, सगळे एकाच माळेचे मणी. ज्यांना फक्त स्टेप मोजायच्यात आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज मनगटावर बघायचेत त्यांनी डोळे झाकून घ्या, बॅटरी नऊ दिवस जाते, स्क्रीन उन्हात दिसते, आणि सोलापूरच्या उन्हात दिसते म्हणजे कुठंही दिसेल. हा रिव्ह्यू माझ्यासारख्यांसाठी आहे, ज्यांना पॅनिक डिसऑर्डर आहे (म्हणजे काही धोका नसताना अचानक भीतीचा, धडधडीचा झटका परत परत येतो) आणि ज्यांना घरातलं कुणीतरी म्हणालंय, ते घड्याळ घे की, त्यात हार्टबीट दिसतंय, टेन्शनच राहणार नाही.

माझं टेन्शन पहिल्या पंधरा दिवसात दुप्पट झालं.

आधी थोडं मागचं. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो, वय ३९, सिगरेट नाही, दारू नाही, शुगर नाही. गेल्या वर्षी मार्चमध्ये संध्याकाळी घरी येताना सात रस्त्याच्या सिग्नलला उभा होतो आणि एकदम छातीत धडधड, दोन्ही हाताला मुंग्या, घसा आवळल्यासारखा, आणि सगळ्यात विचित्र म्हणजे समोरच्या रिक्षा, माणसं, सिग्नल सगळं काचेपलीकडं चाललंय असं वाटायला लागलं. म्हटलं संपलं आता. गाडी कशीबशी बाजूला घेतली, रसवंतीवाल्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, वर विचारलं, "शुगर हाय का ओ?" तिथून थेट कॅज्युअल्टी. ईसीजी नॉर्मल. पुढच्या पाच आठवड्यात अजून दोनदा कॅज्युअल्टी, मग टू-डी इको, टीएमटी, थायरॉईड, सगळं नॉर्मल, जवळजवळ १४ हजार गेले आणि घरात प्रत्येकाचं एक निदान तयार झालं. आईचं मत पित्त, मेव्हण्याचं मत गॅस, शेजारच्या काकूंचं मत नजर.

तिसऱ्या वेळी ड्युटीवरच्या डॉक्टरनी कागदावर सायकियाट्रीला रेफर लिहून दिलं. तो कागद मी पाकिटात घडी घालून जवळजवळ दोन महिने ठेवला. वेड्याच्या डॉक्टरकडं कशाला जायचं, असंच डोक्यात होतं, खोटं कशाला बोलू. त्या दोन महिन्यात बहिणीचा मुलगा म्हणाला, "मामा, बँड घ्या की, चोवीस तास हार्ट रेट बघतंय ते, काय झालं तर लगेच कळतंय." म्हणजे खरं सांगायचं तर हा बँड मी डॉक्टरच्या ऐवजी घेतला. हे आधी सांगतोय कारण नंतर जे काय झालं त्यात चूक बँडची किती आणि माझी किती, हे अजून मला नीट ठरवता आलेलं नाही.

पहिले पंधरा दिवस असे गेले. सकाळी उठलो की पहिलं मनगट. दात घासताना मनगट. गाडीवर किक मारायच्या आधी मनगट. ७२ दिसलं की बरं वाटायचं, पण ते बरं वाटणं दोन मिनिटं टिकायचं, मग परत बघायचं. बायकोनं एके रात्री काही न बोलता मोजलं, ती भाकरी थापायला बसल्यापासून आमचं जेवण होईपर्यंत मी २२ वेळा मनगट फिरवलं होतं. ताट उचलताना म्हणाली, "अहो, वेळ बघताय का मुहूर्त?"

आणि आकडा वाढलेला दिसला की काय होतं ते पॅनिकवाल्यांना सांगायला नको. ७२ चे ८८ झाले, का झाले, जेवलो म्हणून झाले, पण मला वाटायचं सुरू झालं, मग त्या भीतीनं ८८ चे १०२, परत बघितलं, ११०. ज्या आगीची भीती त्याच आगीत आपणच फुंकर मारायची आणि परत वाकून बघायचं पेटली का म्हणून.

त्यात तो अलर्ट. कंपनीनं आतच सेटिंग करून ठेवलंय की तुम्ही हलत नसाल आणि हार्ट रेट १२० च्या वर गेला तर बँड थरथरतो आणि स्क्रीनवर लाल रंगात येतं, असामान्य हार्ट रेट. आता विचार करा, ज्या माणसाला बसल्या जागी धडधडल्यावर मरायची भीती वाटते त्याच्या हाताला बांधलेली वस्तू बरोबर त्याच वेळी थरथरून लाल अक्षरात सांगते की काहीतरी असामान्य चाललंय. जून महिन्यात ऑफिसमध्ये जीएसटीच्या फाईल घेऊन बसलो होतो, मागं लूमचा खडखडाट, तो आवाज आम्हाला ऐकूच येत नाही इतकी सवय, पण मनगटावरची ती बारीक थरथर मात्र पायापर्यंत गेली. उठून बाहेर व्हरांड्यात आलो, येरझाऱ्या घालायला लागलो, श्वास लागत नव्हता, आणि त्या अवस्थेत बँड परत थरथरला. बघतो तर विचारत होता, तुम्ही चालताय असं दिसतंय, वर्कआउट सुरू करायचा का?

आता हसू येतं. त्या दिवशी नंतर मी खरंच बँड काढून कुंडीत टाकला होता, शिपाईमामांनी धुवून परत आणून दिला.

रात्रीचा किस्सा वेगळाच. याच्यात एसपीओटू पण आहे, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन. रात्री तीन वाजता जाग आली, सवयीनं बघितलं तर ८८ टक्के. कोरोनात आपण सगळे ऑक्सिमीटरचे डॉक्टर झालो होतो, ९४ च्या खाली म्हणजे पळा, एवढं पक्कं डोक्यात बसलेलं. साडेतीनला बायकोला मागं बसवून दवाखान्यात. तिथं बोटाला क्लिप लावली, ९८. तिथल्या शिकाऊ डॉक्टर पोरानं माझा हात उचलून बघितलं, पट्टा एवढा सैल होता की त्यात बोट फिरत होतं. म्हणाला, "काका, हात अंगाखाली दाबून झोपला असाल, आणि पट्टा पण ढिला आहे. हे काढून झोपत जावा." शंभर रुपये केसपेपर आणि एक रात्रीची झोप, एवढ्यात हा सल्ला मिळाला.

नंतर मी जरा वाचलं हे चालतं कसं. मागच्या बाजूला जो हिरवा लाईट लुकलुकतो, तो कातडीतून आत जातो, रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, प्रत्येक ठोक्याला रक्ताची लाट आली की परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो, आणि ते कमी-जास्त मोजून बँड ठोके काढतो. म्हणजे तो हृदयाचं काहीच ऐकत नाही, मनगटाच्या कातडीवरची सावली मोजतो. पट्टा सैल असला, हात थंड पडला, हात हलला, की सावली गडबडते. चालताना कधीकधी तो ठोके सोडून पावलंच मोजायला लागतो. आमच्या रोडवर गाडी चालवताना मला एकदा १४८ दाखवले होते, हँडल धरलेला हात खड्ड्याखड्ड्याला हादरत होता, ते १४८ माझे किती आणि महापालिकेचे किती देव जाणे.

एक गोष्ट मात्र गमतीत न घेता वाचा. भारीतल्या घड्याळात ईसीजी असतो, बोट ठेवलं की तीस सेकंदाचा निघतो, तो मुख्यतः एट्रियल फिब्रिलेशन नावाची अनियमित लय ओळखायला आहे. हार्ट अटॅक त्याला ओळखता येत नाही, अ‍ॅपलवाले स्वतःच तसं लिहून देतात. त्यामुळं पहिल्यांदाच छातीत दुखतंय, हात-जबडा दुखतोय, घाम सुटलाय, तर घड्याळ काय म्हणतंय ते बघत बसू नका, दवाखाना गाठा. मी सांगतोय ते सगळ्या तपासण्या होऊन पॅनिक आहे असं डॉक्टरनी सांगितल्यानंतरचं आहे.

तर शेवटी जूनच्या शेवटी तो पाकिटातला कागद बाहेर काढला. डॉक्टर मॅडमचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. वेटिंगमध्ये मान खाली घालून बसलो होतो आणि समोर आमच्याच कारखान्यातला वार्पिंगवाला बसलेला, तो पण मान खाली घालून. दोघांनी एकमेकाला बघितलं, तो म्हणाला, "काय बे, तू पण?" त्याच्या त्या एका 'बे' नं माझं निम्मं ओझं उतरलं.

मॅडमनी अर्धा तास ऐकलं, गोळी सुरू केली (कुठली ते लिहीत नाही, ज्याची त्याला वेगळी असते, आणि असर यायला काही आठवडे लागतात हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून मी मधे सोडली नाही). मग त्यांनी माझ्या मनगटाकडं बघितलं आणि विचारलं, "दिवसातून किती वेळा बघता?" मी म्हटलं, होतं दहा-बारा वेळा. बायको शेजारी होती, ती म्हणाली, "मॅडम, दहा-बारा वेळा फक्त चहा पिताना."

त्यांनी समजावलं ते असं. पॅनिकमध्ये शरीर जे करतं ते पळायच्या तयारीचं करतं, ठोके वाढतात, श्वास वाढतो, जास्त श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो आणि त्यानंच मुंग्या येतात, गरगरतं. यात धोका काही नसतो, पण आपण त्याचा अर्थ धोका असा लावतो. आणि मग आपण स्वतःला सुरक्षित वाटावं म्हणून ज्या गोष्टी करतो, पाण्याची बाटली घेऊनच बाहेर पडणं, दवाखान्याच्या जवळच्याच रस्त्यानं जाणं, सारखी नाडी बघणं, त्या गोष्टीच आजार जिवंत ठेवतात, कारण त्या नसत्या तरी काही झालं नसतं हे कळायची संधीच मिळत नाही. माझा बँड म्हणजे पाण्याची बाटलीच, फक्त चार्जिंगवाली.

मला वाटलं आता म्हणतील फेकून द्या. तसं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "हे दाखवायला चांगलं आहे, बघायला वाईट आहे. तुम्ही बघू नका, मला दाखवा." आणि तिथंच बसून माझ्या फोनवरून सेटिंग बदलायला लावल्या. हे सेटिंग महत्त्वाचं आहे म्हणून सांगतो, जवळजवळ सगळ्या बँडमध्ये असतं: जास्त हार्ट रेटचा अलर्ट बंद, एसपीओटू आपोआप मोजणं बंद, स्ट्रेसचं मोजमाप बंद, मनगट उचललं की स्क्रीन लागते ते बंद, आणि घड्याळाचा चेहरा असा निवडायचा ज्यात फक्त वेळ दिसते. मागं रेकॉर्डिंग चालू राहतं, समोर काही दिसत नाही. आठवड्यातून एकदा अ‍ॅप उघडायचं, ते पण ठरलेल्या वेळी, रविवारी सकाळी. पहिला आठवडा मला विडी सुटलेल्या माणसासारखं झालं होतं.

आणि मग जिना. या एका गोष्टीसाठी मी बँडला दोन स्टार जास्त दिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मॅडमच्या क्लिनिकची बिल्डिंग चार मजली, लिफ्ट आहे पण त्यांनी मला जिन्यानं दोनदा वर-खाली करायला लावलं. मी मार्चपासून जिना टाळत होतो, कारण धाप लागली की पॅनिकचा अ‍ॅटॅक येईल असं वाटायचं. कशीबशी दुसरी चक्कर पूर्ण केली, कठड्याला धरून उभा, घाम, धडधड. खाली येऊन त्यांनी अ‍ॅप उघडलं. १३८. मग त्यांनी मागं जाऊन जूनमधला तो व्हरांड्यातला दिवस काढला, ज्या दिवशी मी बायकोला फोन करून पॉलिसीचे कागद कुठल्या कपाटात आहेत ते सांगितलं होतं. त्या दिवशी सगळ्यात वरचा आकडा होता १२४.

म्हणजे ज्या दिवशी मी मेलो म्हणून समजत होतो त्या दिवशी माझं हृदय जिना चढताना पळतं त्यापेक्षा हळू पळत होतं. हे मला दहा डॉक्टरनी शब्दात सांगितलं असतं तरी घुसलं नसतं. अकाउंटचा माणूस आहे मी, माझा विश्वास आकड्यावर.

दुसरं त्या ग्राफमध्ये दिसलं ते उताराचं. मी शपथेवर सांगितलं असतं की तो अ‍ॅटॅक दोन तास चालला. ग्राफमध्ये सात मिनिटात वर गेला होता आणि पुढच्या वीस-पंचवीस मिनिटात, मी काहीच केलं नाही तरी, गोळी नाही, दवाखाना नाही, आपला आपण खाली आला होता, एखादी एसटी घाट उतरते तसा. बाकीचे दीड तास मी त्या अ‍ॅटॅकच्या भीतीत बसलो होतो, अ‍ॅटॅक कधीच निघून गेला होता.

मग पुढं चार महिने आठवड्याला एकदा हेच. कधी जिना, कधी फिरत्या खुर्चीवर गरगर फिरायचं, कधी नाक धरून बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा, म्हणजे पॅनिकमध्ये जे जे होतं ते मुद्दाम घडवून आणायचं आणि बघायचं की काही होत नाही. ही सीबीटीतलीच, म्हणजे विचार आणि वागणं बदलायच्या उपचारातलीच पद्धत आहे. सुरुवातीला बँड घालून, नंतर मुद्दाम बँड काढून. बँड काढून केलेलं जास्त अवघड गेलं. हे कुठलंही अ‍ॅप करून घेणार नाही आणि एकट्यानं करूही नका, हार्टची तपासणी झालेली पाहिजे आणि सांगणारा माणूस समोर पाहिजे.

सगळ्यांचा एक प्रश्न असतो, मला पण होता, की घड्याळ अ‍ॅटॅक यायच्या आधी सांगू शकेल का. अमेरिकेत अ‍ॅलिशिया म्युरे नावाच्या संशोधक बाईंनी २०११ मध्ये यावर एक अभ्यास छापला होता, ४३ पेशंटना अंगावर यंत्रं बांधून रोजच्या कामाला पाठवलं, सगळं मिळून १,९६० तासांचं रेकॉर्डिंग, त्यात १३ अ‍ॅटॅक सापडले. पेशंट म्हणत होते अचानक आला, पण शरीरातली गडबड जवळजवळ तासभर आधी सुरू झालेली होती. हे वाचून मी उड्या मारल्या होत्या. पण त्यांच्याकडची यंत्रं श्वास, कार्बन डायऑक्साईड, ठोके असं एकदम बरंच काही मोजत होती, आणि आपल्याकडं एक हिरवा लाईट. शिवाय मॅडमचं म्हणणं असं, की समजा उद्या बँडनं सांगितलं तासाभरात अ‍ॅटॅक येणारय, तर तुम्ही तो तास काय कराल? मी काय करेन ते मला माहीत होतं, म्हणून गप्प बसलो.

आणि तो स्ट्रेस स्कोअर, ४१, ६३, ७० वगैरे, तो दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमी-जास्त होतं त्यावरून काढतात, प्रत्येक कंपनीचा हिशोब वेगळा. रात्री उशिरा जेवलो, कमी झोपलो, उन्हातून आलो तरी बदलतो. गेल्या मेमध्ये सोलापुरात पारा ४३ ला गेला की दुपारी माझा स्ट्रेस हाय दाखवायचा, त्याला काय स्ट्रेस म्हणायचं, ते तर हवामान झालं.

आता अ‍ॅपकडं येतो. चार वापरले. नावं देत नाही, तीनमध्ये तक्रारी आहेत.

श्वासाचं अ‍ॅप, फुकट. एक गोल मोठा होतो, लहान होतो, त्याबरोबर श्वास घ्यायचा आणि सोडायचा. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर. हे चांगलं आहे, कारण पॅनिकमध्ये आपण मोठे मोठे श्वास घ्यायला लागतो आणि त्यानंच बिघडतं, हळू आणि कमी घ्यायचा असतो हे गोल बघून कळतं. लोक अजून सांगतात कागदी पिशवीत श्वास घ्या, ते करू नका, खरंच दम्याचा किंवा हार्टचा त्रास असेल तर महागात पडतं. अमेरिकेत फ्रीस्पायरा म्हणून एक उपचार आहे, त्यात नाकाला नळी लावून बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साईड स्क्रीनवर दिसतो, रोज दोनदा १७ मिनिटं, २८ दिवस. तसलं काही आपल्या गोलात नाही, गोल आपल्याला बघत नाही, आपण गोलाला बघतो. पण फुकटात एवढं बास आहे. एकच झालं, मी बाहेर पडताना फोनची बॅटरी पूर्ण आहे का, गोल उघडतंय का ते तपासायला लागलो. परत बाटलीच. मॅडमनी ते पण बंद केलं, सराव घरी करा, बाहेर अ‍ॅप नको म्हणाल्या.

दुसरं ध्यानाचं अ‍ॅप, सात दिवस फुकट आणि नंतर वर्षाचे १,४९९. आठव्या दिवशी पैसे कटले. ऑटोपे मीच ओके केलं होतं म्हणे, बारीक अक्षरात. परत मागितले तर ईमेलला उत्तर आलं की आम्ही तुमच्या मानसिक प्रवासात तुमच्या सोबत आहोत. पैसे काही आले नाहीत. तेव्हा ट्रायल घ्यायचीच असेल तर त्याच दिवशी यूपीआयमध्ये जाऊन ऑटोपे रद्द करा. आतला माल पण इंग्रजीत, एक बाई अगदी हळू आवाजात सांगते, तुम्ही समुद्रकिनारी आहात, लाटा येतायत. मी जन्मात दोनदा समुद्र बघितलाय, दोन्ही वेळा कंपनीच्या ट्रीपमध्ये, आणि दोन्ही वेळा कुणाची तरी चप्पल वाहून गेली होती. मी तिचा आवाज ऐकत सिद्धेश्वर तलावाच्या कडेला बसायचो, मनातल्या मनात, पहाटेच्या वेळी, तेवढ्यापुरतं चाललं.

तिसरं गप्पा मारणारं, चॅटबॉटवालं. इंग्रजी आणि हिंदी. मी मराठीत लिहिलं, छातीत लई धडधडायलंय. उत्तर आलं, हे ऐकून छान वाटलं, अजून सांगा. अनइन्स्टॉल.

चौथं डायरीचं. अ‍ॅटॅक कधी आला, कुठं, किती वाजता, आधी काय केलं, एक ते दहा किती भीती, हे लिहायचं. कल्पना बरोबर, पण लोकेशन पाहिजे, कॉन्टॅक्ट पाहिजेत, मायक्रोफोन पाहिजे. माझी पॅनिकची डायरी लिहायला तुला माझे ६०० कॉन्टॅक्ट कशाला पाहिजेत बाबा? २०२३ मध्ये डेटाचा कायदा झालाय हे खरं, पण आपण परवानगी दाबली की विषय संपला. शेवटी फोनमधलं साधं नोट्स वापरतो, तारीख आणि दोन ओळी. मॅडम महिन्याला पॅनिक किती तीव्र आहे ते मोजणारा एक सात प्रश्नांचा तक्ता भरून घेतात, पीडीएसएस म्हणतात, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार, एकूण २८. जूनमध्ये माझे १७ आले होते, यंदा मार्चमध्ये ६. अकरा महिन्यात जर कुठला आकडा कामाचा वाटला तर तो हा, आणि त्याला ना बँड लागतो ना इंटरनेट, एक पेन लागतं.

अ‍ॅप नसलेली पण फोनवरचीच एक गोष्ट सांगायची राहिली. टेली मानस, १४४१६. सरकारी आहे, २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झालं, चोवीस तास, फुकट. ऑगस्टमध्ये मॅडम गावाला गेल्या होत्या, रात्री पावणेबाराला लावला. भाषेचं बटण विचारलं, मराठी दाबलं, थोडा वेळ थांबायला लागलं, मग एक ताई बोलल्या. त्यांनी पहिलं विचारलं, "आत्ता तुम्ही कुठं बसलाय? सोबत कुणी आहे का?" वीस मिनिटं बोलल्या, गोळी चालू आहे का विचारलं, मनानं बंद करू नका म्हणाल्या. १,४९९ वालं अ‍ॅप आणि हे, दोन्ही वापरलेला माणूस सांगतोय.

जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला गेलो. आदल्या वर्षी गेलोच नव्हतो असं नाही, उलट जन्मापासून एक वर्ष चुकलं नाही, पण यावर्षी घरात सगळे धरून बसले की गर्दीत नको. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या जा. सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याला सम्मती कट्ट्याजवळ गर्दी म्हणजे पाय उचलला तर परत ठेवायला जागा नाही, सगळीकडं पांढऱ्या बाराबंद्या, नंदीध्वज (यात्रेतल्या सजवलेल्या उंच काठ्या, एकूण सात) आले तसा एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र चा गजर, माझ्या मागं एक आजी माझ्या शर्टाला धरून उभ्या, त्यांना पुढचं दिसत नव्हतं आणि मला मागं जाता येत नव्हतं. तिथं सुरू झालं. हाताला मुंग्या, घसा. बँड हातात होता पण बाहीच्या आत, आणि हात वर काढायलाच जागा नव्हती. आजी विचारायच्या, "आले का रं नंदी? किती आले?" मी मोजून सांगत होतो, तीन आले, चार आले. सातवा आला तोपर्यंत घसा मोकळा झाला होता, कधी झाला ते कळलं नाही. दिड्डम दिड्डम म्हटल्यावर सगळ्यांनी अक्षता टाकल्या, त्यातल्या निम्म्या आजीच्या माझ्या डोक्यात पडल्या. रविवारी अ‍ॅप उघडलं तर त्या वेळेचा ग्राफ तुटलेला होता, बाही आणि पट्ट्याच्या मधे काहीतरी झालं असणार. मॅडमना दाखवायला काहीच नव्हतं. त्या म्हणाल्या, "सांगा की मग तोंडानं."

बाकी किरकोळ. पट्टा रबरी आहे, उन्हाळ्यात खाली घामोळं येतं, कापडी पट्टा १९० ला मिळतो तो घ्या. वॉटरप्रूफ लिहिलंय, आमच्याकडं पाणीच चौथ्या-पाचव्या दिवशी येतं त्यामुळं फार टेस्ट झाली नाही, कुंडीतून मात्र वाचला. दुकानदारानं घेताना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की हे हार्ट अटॅक आधी सांगतं, नंतर जाऊन विचारलं तर म्हणाला, "कंपनीचा पोरगा तसं बोलून गेला होता बघा." दुकानाला एक स्टार, ते पण त्यानं स्क्रीनगार्ड फुकट लावून दिलं म्हणून.

बँडला स्वतःसाठी स्वतः घेतला तर दीड, डॉक्टरच्या सांगण्यावरून वापरला तर साडेतीन. महागडा घेऊ का विचारणाऱ्यांना, पॅनिकच्या कामाला माझ्यासारखा पण चालतो, वरचे पैसे फीला ठेवा.

सध्या मी तो रोज घालत नाही. अपॉइंटमेंटच्या आधी तीन दिवस घालायचा असं ठरलंय. पुढची गुरुवारी आहे, म्हणजे रविवारी रात्री चार्जिंगला लावायला लागेल, आणि त्याची ती छोटी केबल पोरानं कुठं ठेवलीय ते आधी शोधायला लागेल.